कारपेट निघालंच आहे तर

गाडीला वास येत होता, एवढंच खरं निमित्त. बाकी सगळं रघुपतीरावांनी मागाहून जोडलं.

बसवनगुडीत, गांधी बझारच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं आणि घरापुढच्या शेडमध्ये त्यांची स्टँडर्ड हेराल्ड. दुधी रंगाची, दोन दारांची, तिशीला टेकलेली. गल्लीतल्या बाकीच्यांनी एव्हाना मारुती घेतल्या होत्या आणि येताजाता “अजून ठेवलीय का हो?” असं विचारायचा त्यांना छंद जडला होता. रघुपतीराव “ठेवलीय” म्हणत आणि फडकं मारत राहत. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म घालवलेला माणूस, आधीच मोजून बोलणारा. आणि अलीकडे तर मोजण्याइतकंही बोलणं होत नसे.

पावसाळ्यात पुढच्या काचेच्या जुन्या रबरातून पाणी झिरपलं आणि कारपेटखाली जाऊन बसलं. पाऊस गेला, पाणी वाळलं, वास राहिला. स्वयंपाकाला येणारी यल्लव्वा गाडीवरून जाताना पदर नाकाला लावायची. “आत उंदीर मेलाय, अय्या,” असं तिने कन्नडमध्ये जाहीर करून टाकलं. मेलेला उंदीर वगैरे काही नव्हता. कारपेट आणि त्याखालचं फेल्टचं जाड अस्तर कुजलं होतं. रघुपतीरावांनी ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं, त्याने सांगितलं की कब्बनपेटेत उमाजी म्हणून एक सीटवाला होता, त्याने दुकान बंद केलंय, मुलाकडे होसकोट्याला राहतो, पण निरोप दिला तर येईल. जुन्या गाड्यांचं काम म्हटल्यावर नक्की येईल.

आता रघुपतीरावांची एक अडचण सांगायला हवी, कारण गोष्ट तिचीच आहे. त्यांच्या घराण्याला या मुलखात येऊन तीनशे वर्षं झाली. या तीनशे वर्षांत या लोकांनी एक शिस्त पाळली होती: बाहेर कन्नड, कचेरीत इंग्रजी, घरात मराठी. मराठी ही रस्त्यावर न्यायची चीज नव्हतीच. ती चुलीपाशी, झोपाळ्यावर, आजारपणात, भांडणात बोलायची. त्यामुळे घरात माणूस आहे तोवर भाषा आहे, असा हिशेब होता आणि तो कुणाच्या लक्षातही येत नसे. दोन वर्षांपूर्वी अंबुबाई गेल्या. बायको गेल्याचं दुःख रघुपतीरावांना ठाऊक होतं, त्याची तयारीही दुखण्याच्या दिवसांत थोडीफार झाली होती. पण तिच्याबरोबर रोजचं बोलणंच उठून जाईल हे कुणी सांगितलं नव्हतं. “अगं, जरा इकडे ये” हे वाक्य म्हणायला आता सबंध बेंगळूरात त्यांना कुणी नव्हतं.

मुलगी अलका अमेरिकेत. रविवारी फोन करायची, पण नवरा तमिळ, पोरं इंग्रजी, आणि फोनचं मीटर धावत असलेलं. तिचं बोलणं घाईचं आणि इंग्रजीतच व्हायचं. शेवटी “अप्पा, टेक केअर” आलं की रघुपतीराव रिसीव्हर ठेवायचे. एकदा ते मराठी मंडळाच्या कार्यक्रमालाही जाऊन आले. तिथे पुण्याहून नोकरीला आलेली मंडळी होती, चांगली होती, त्यांनी आग्रहाने पुढे बसवलं. मग रघुपतीराव “स्वल्प सरका की” म्हणाले आणि एक मुलगी कौतुकाने म्हणाली, “काका, तुमचं मराठी किती क्यूट आहे.” तीनशे वर्षं जपलेली गोष्ट क्यूट ठरल्यावर माणूस काय बोलणार. ते परत तिकडे फिरकले नाहीत.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या दारात एका सकाळी उमाजी आला. काळासावळा, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कात्री, खडू, दाभण, सुऱ्या. दोघं कन्नडमध्ये बोलले. उमाजीने गाडीत डोकं घातलं, वास घेतला, बोटाने कारपेटचा कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाला की होईल, पण जुनं कारपेट फाडून फेकायचं नाही, अलगद काढायचं, कारण नव्याचं माप त्यावरूनच घ्यायचं. आधी सीटा काढाव्या लागतील.

सीटा निघता निघेनात. बोल्ट गंजून बसलेले. उमाजीने रॉकेल सोडलं, ठोकलं, परत सोडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रघुपतीराव बाजूला स्टुलावर बसून बघत होते. शेवटचा एक बोल्ट काही केल्या हलेना, तेव्हा उमाजी गाडीत आडवा पडून पाना दाबत दातओठ खाऊन पुटपुटला, “मेल्या, नीघ की आता. किती जीव घेशील.”

रघुपतीराव स्टुलावरून उठले. मग परत बसले, कारण उठून काय करायचं ते त्यांना सुचेना.

“तुम्ही मराठी?” त्यांनी विचारलं.

उमाजीने डोकं बाहेर काढलं. “आम्ही शिंपी, अण्णा. नामदेव शिंपी. घरात मराठीच.” मग त्याच्या लक्षात आलं. “तुम्हीपण का? अय्यो, मग दोन दिवस कन्नडात कशाला मेलो आपण?”

असे ते सुरू झाले. बोल्ट निघाला तो त्याच बोलण्याच्या भरात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. उमाजीचं मराठी हे असं होतं की पुण्याच्या त्या मुलीने कानावर हात ठेवले असते. अर्ध्या वाक्यात कन्नड घुसायचं आणि क्रियापदं आपल्या मर्जीने फिरायची. रघुपतीरावांना ते घरचं वाटलं. अंबुबाई अशाच बोलायच्या. त्या रात्री पोळी वाढताना यल्लव्वाला ते चुकून “अजून एक दे गं” असं मराठीत म्हणाले आणि तिने कन्नडमध्ये विचारलं, “काय झालं, अय्या?”

कारपेट निघालं, त्याखालचं फेल्ट लगद्यासारखं खरवडून काढावं लागलं, आणि मग पत्रा दिसला. ड्रायव्हरच्या पायाखाली तो गंजून जाळी झाला होता. खालची फरशी दिसत होती. उमाजीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ठोकून बघितलं, जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने गोल केले. “हे आधी वेल्डिंग,” तो म्हणाला. “याच्यावर नवं टाकलं तर गळवावर रेशमी सदरा घातल्यागत होईल.” गाडी ढकलत वेल्डरकडे नेली. ती तिकडे होती तेवढे दिवस उमाजी आला नाही, आणि रघुपतीरावांना घर असह्य झालं. पूर्वी ते गप्प होतं, पण त्याची सवय होती. आता सवय मोडली होती. वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं की ते शेडमध्ये जात आणि गाडी नसलेल्या जागी उभे राहून परत येत.

गाडी परत आली, पॅच मारलेली, लाल रंग फासलेली. उमाजी आला, म्हणाला, आता फेल्ट आणि कारपेट, लवकर आटपू. तेव्हा रघुपतीराव पहिल्यांदा ते वाक्य बोलले.

“कारपेट निघालंच आहे तर, हँडब्रेकची केबल बघून घ्यायची का?”

आता हे बोलणं शहाणपणाचंच होतं. कारपेट एकदा चिकटवलं की हँडब्रेकच्या केबलला हात घालायचा म्हणजे परत सगळं उपसा. उमाजीने मान डोलावली. केबल काढली, साफ केली, ग्रीस भरलं. मग मागच्या दिव्यांकडे जाणारी वायर कारपेटखालूनच जाते, तिचं कापडी आवरण उंदरांनी खाल्लं होतं, ती बदलली. मग सीटा सरकायच्या पट्ट्या घासून तेल दिलं, सीटच्या तुटक्या स्प्रिंगांना गोणपाट बांधलं. गिअरबॉक्सवरचं पुठ्ठ्याचं झाकण उकललं होतं, ते काढून त्याला आतून फेल्ट लावलं. जमिनीला डांबरी पत्रे चिकटवले, म्हणजे गाडीचा खडखडाट कमी होईल. पुढच्या काचेचं रबर तर उमाजीने आपल्या हाताने बसवलं, साबणाच्या पाण्यात दोरी भिजवून, ती रबराच्या खाचेतून ओढत ओढत, आणि बसल्यावर स्वतःच खुश होऊन काचेवर टिचकी मारली.

हे सगळं खरं काम होतं. आणि कामाच्या आजूबाजूला बोलणं होतं. उमाजीच्या बापाने रेसकोर्सवरच्या जॉकींचे कपडे शिवले होते. कब्बनपेटेत त्यांची आळीच्या आळी शिंप्यांची होती, दुपारी मशीन थांबली की सगळ्यांना चुकल्यासारखं व्हायचं. आता आळीत रेडिमेडवाले आले. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच साच्यातलं कारपेट येतं, कापायचं नाही, शिवायचं नाही. म्हणून दुकान बंद. उमाजी हे रडगाणं लावून सांगत नसे, खडूची रेघ मारता मारता सांगत असे. रघुपतीराव त्याला अंबुबाईंबद्दल सांगत. या गाडीत बसल्या की त्या समोरचा दांडा धरून ठेवत आणि प्रत्येक वळणाला “हळू” म्हणत. एवढं वाक्य दोन वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अलकाला इंग्रजीत सांगून बघितलं असतं, पण त्या ‘हळू’चं इंग्रजीत काय करणार.

पण खरं काम संपत आलं, आणि इथून रघुपतीरावांचं घसरलं. कारपेट निघालंच आहे तर पेडलांची रबरं बदलू. बदलली. कारपेट निघालंच आहे तर दारांच्या आतल्या पुठ्ठ्यांना नवं रेक्झिन लावू. लावलं. कारपेट निघालंच आहे तर सामान ठेवायच्या कप्प्याच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे मखमल लावू. उमाजीने कात्री खाली ठेवली.

“अण्णा, त्या कप्प्यात तुम्ही काय ठेवता?”

“बॅटरी. आणि एक फडकं.”

“मग फडक्याला मखमल कशाला?”

रघुपतीरावांनी मखमलीचा तुकडा पुढे सरकवला. उमाजीने मखमल लावली, पण त्या दिवसापासून तो जरा बिचकून वागू लागला. त्याला होसकोट्याहून दोन बस बदलून यावं लागे. तिकडे एका कारखान्याच्या बसच्या सीटा त्याची वाट बघत होत्या, मुलाने काम धरून ठेवलं होतं. “आता साकु, पुरे, अण्णा,” तो म्हणाला. “उद्या फेल्ट घालतो, परवा कारपेट. गाडी नवीन नवरीसारखी करून देतो.”

फेल्ट घातलं. करडं, जाड, कोरडं. रात्री रघुपतीरावांना झोप लागली नाही असं नाही, झोप लागली; पण सकाळी उठले तेव्हा छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. आज कारपेट, मग संपलं. त्यांनी आंघोळीचा तांब्या भरला, शेडमध्ये गेले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि पाणी फेल्टवर ओतलं. साठी उलटलेला, सरकारी पेन्शन खाणारा माणूस. दार लावून ते घरात आले आणि पेपर उघडून बसले. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती.

उमाजी आला. पाहिलं. त्याचा चेहराच उतरला.

“माझं रबर गळतंय,” तो म्हणाला.

सकाळभर त्याने गळती शोधली. बाहेरून नळीने काचेवर पाणी सोडलं, रघुपतीरावांना आत बसवलं, “थेंब दिसला की सांगा.” रघुपतीराव आत बसून कोरड्या रबराकडे बघत राहिले. काचेवरून पाणी वाहत होतं, पलीकडे उमाजी ओरडून विचारत होता, “आलं का?” आणि ते ओरडून सांगत होते, “नाही. वरून सोडा. आता डावीकडे.” त्यांना लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर अंबुबाई गेल्यापासून इतका चांगला दिवस त्यांना लाभला नव्हता. दोन्ही एकदम वाटत होतं.

दुपारी उमाजीने भिजलेलं फेल्ट उन्हात टाकलं आणि कमरेवर हात ठेवून अंगण न्याहाळलं. “रबर कोरडं, दार कोरडं. अण्णा, पाणी वरून आलंच नाही. ही बाई सकाळी बादलीने अंगण धुते का? दार उघडं राहिलं असेल, उडालं असेल.”

“असेल,” रघुपतीराव म्हणाले.

यल्लव्वा दारात उभी होती. मराठी कळत नसलं तरी बोट कुणाकडे आहे हे कुणालाही कळतं. संध्याकाळी ताट वाढताना ती म्हणाली, “मी गाडीपाशी कधी पाणी नेते, अय्या? माझ्या माथी कशाला?” रघुपतीरावांनी मान वर केली नाही. तिने आमटी वाढली, जरा आदळूनच, आणि तांब्या आज न्हाणीघराऐवजी शेडमध्ये कसा सापडला हेही ऐकवलं. शेवटी “होगली,” म्हणाली, जाऊ दे, आणि त्यांच्या पानात न मागता तूप सोडलं. ते तूप त्यांना गिळणं जड गेलं.

त्यानंतर मात्र त्यांनी काही केलं नाही. फेल्ट वाळलं, कारपेट आलं. गडद तांबड्या रंगाचं. उमाजीने जुने तुकडे उलटे ठेवून माप घेतलं, कापलं, प्रत्येक तुकड्याला काठाने रेक्झिनचा गोट शिवला. आधी गिअरबॉक्सवरचा उंचवटा, मग दोन्ही बाजू, शेवटी जमीन, असं क्रमाने बसवलं. सीटच्या बोल्टांची भोकं पाडायला त्याने ड्रिल वापरलं नाही. ड्रिलने एक धागा अडकला की सगळं उसवतं. सळई तापवली आणि तिच्या टोकाने भोकं पाडली, म्हणजे कडा जागच्या जागी वितळून बसतात. मग सीटा चढवल्या. तळवा कारपेटवरून फिरवत फिरवत तो गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कुठे फुगा नाही, कुठे सुरकुती नाही.

“हे माझं शेवटचं,” तो म्हणाला. “आता बसच्या सीटा. त्या काय, एकसारख्या कापत सुटायच्या.” आणि मग, जरा लाजून, “बरं झालं, शेवटचं असं मिळालं.”

“मी सोडतो तुम्हाला,” रघुपतीराव म्हणाले. “होसकोट्याला. गाडी चालवूनही बघायची आहे.”

उमाजी नको नको म्हणाला, पण त्याला बसायचं होतं हे दिसत होतं. पिशवी मांडीवर घेऊन तो पुढे बसला, चपला बाहेरच काढून हातात घेतल्या. रघुपतीरावांनी त्या घालायला लावल्या. जुन्या मद्रास रस्त्याला लागले तेव्हा दुपार कलली होती. लॉऱ्या, धूळ, कृष्णराजपुरमच्या रेल्वे फाटकाचा गोंधळ, सगळं बाहेर होतं. आत गाडी इतकी शांत झाली होती की दोघांनाही चमत्कारिक वाटलं. पूर्वी या गाडीत ओरडून बोलावं लागे. आता साध्या आवाजात बोललेलं ऐकू येत होतं. उमाजी आपल्या सुनेबद्दल बोलला, ती बेळगावची आहे, तिचं मराठी भारी, ती सासूच्या चुका काढते आणि सासू तिला कन्नडमध्ये शिव्या देते. रघुपतीराव हसले. घराजवळ आलो म्हणून उमाजीने हात दाखवला तेव्हा त्यांना वाटलं, होसकोटे इतकं जवळ कसं आलं.

बैठ्या घरांची ओळ होती. उमाजीचं दार उघडंच होतं. आतून भांड्यांचा आवाज, पोराचं रडं, कुणीतरी बाई “अहो, आले का हो ते?” असं ओरडून विचारत होती. सगळं मराठीत. रघुपतीराव स्टीअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिले.

उमाजी उतरला. खिडकीशी वाकून म्हणाला, “आत येता का अण्णा? कॉफी घेऊन जा.”

“नको,” रघुपतीराव म्हणाले. “उशीर होईल.”

आता हे ‘नको’ काय असतं ते आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणारा माणूस हावरट. पहिल्यांदा नको म्हणायचं, मग यजमान “असं कसं, घोटभर” म्हणतो, मग आपण “बरं, अर्धा कप” म्हणून चपला काढायच्या. रघुपतीरावांनी जन्मभर हेच केलं होतं. इतकं की ते नको आपण म्हटलं हेही त्यांना जाणवलं नाही. ते दुसऱ्या विचारण्याची वाट बघत थांबले, हात दाराच्या मुठीकडे गेलाही होता.

पण उमाजी गिऱ्हाइकांत वाढलेला. मोठ्या घरचा माणूस आपल्या दारात कॉफी पिणार नाही म्हणतो, त्याला दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे संकटात टाकायचं, अशी त्याची शिकवण. त्याने हात जोडले. “सरी, बरं तर, अण्णा. सावकाश जा. अंधार पडायच्या आत पोचा.”

रघुपतीराव निघाले. दुसरं काय करणार. गल्ली संपली, वळण आलं, तळ्याचा बांध आला. गाडीत कसलाच आवाज नव्हता. त्यांनी कान देऊन ऐकलं: कुठेतरी काहीतरी खडखडत असेल, सीट हलत असेल, परत जायला काही कारण. काही नव्हतं. बांधावर गाडी उभी करून त्यांनी कारपेटवरून हात फिरवला, हँडब्रेकपाशी, पेडलांखाली, दाराच्या काठाला. इतकं चोख काम की तक्रारीला जागा नाही. समोर तळ्यात ऊन बुडत होतं आणि काठाने दोन बायका धुण्याचे पिळे घेऊन बोलत बोलत चालल्या होत्या. रघुपतीरावांना एकदम इतकं एकटं वाटलं की त्यांनी मोठ्याने “अगं” अशी हाक मारली. शांत गाडीत ती त्यांना पुरेपूर ऐकू आली. त्यांनी गाडी वळवली.

उमाजी बनियनवर बाहेर आला, खांद्यावर पंचा. “काय झालं, अण्णा?”

“हँडब्रेकपाशी,” रघुपतीराव म्हणाले. “स्वल्प उचललंय.”

उमाजीने लगेच बायकोला बॅटरी आणायला सांगितली आणि तिथेच, रस्त्यावर, गुडघे टेकून उघड्या दारातून आत वाकला. बायकोने बॅटरी धरली. ठेंगणी, कपाळ घामेजलेलं, हाताला पीठ. उमाजी बोटांनी गोटाची शिवण चाचपत गेला, एकदा, मग उलट दिशेने, मग तळवा दाबून.

“कुठं, अण्णा? मला दिसेना.” मग हलकेच, बायकोला, “हात गेला गं माझा. शेवटच्या कामाला हात गेला.”

हे ऐकून रघुपतीरावांना धरवेना. “काही उचललेलं नाही,” ते म्हणाले. “काम चोख आहे. असं काम मी बघितलेलं नाही.”

उमाजीने गुडघ्यावरूनच वर पाहिलं. “मग परत कशाला आलात?”

“मघाशी तुम्ही एकदाच विचारलंत.”

उमाजीला कळेना. त्याच्या बायकोला आधी कळलं. तिने बॅटरी विझवली.

“मी नको म्हटलं,” रघुपतीराव म्हणाले. “दुसऱ्यांदा विचाराल म्हणून थांबलो होतो. तुम्ही विचारलं नाहीत. घरी कुणी नाही, उमाजी. काम संपलं, आता बोलायला कुणी नाही मला.”

आतलं पोर रडायचं थांबलं होतं. उमाजी दाराला धरून उठला, गुडघ्यांवरची माती झटकली, पंचा नीट केला. मग पाहुण्याला विचारावं तसं, रीतसर, म्हणाला, “आत या की, अण्णा. घोटभर कॉफी घ्या.”

रघुपतीरावांच्या ओठांवर सवयीने काहीतरी आलं.

“हे काही तिसऱ्यांदा विचारायचे नाहीत,” उमाजीची बायको म्हणाली. “दूध तापलंय. चला.”

रघुपतीरावांनी गाडीची किल्ली काढली आणि ते तिच्या मागोमाग आत गेले.